सगळे बाहेर

सोमवार, ४ ऑगस्ट २००३. लातूर

श्रावणातला पहिला सोमवार. घरात सगळ्यांना उपवास आणि मन्मथनं उपाशी राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. धर्म आणि वैद्यक यांच्या वादात मन्मथनं वैद्यकाची बाजू घेतली आणि दोनदा जेवला.

आई गेल्याला तीन महिने होत आले. मन्मथ माझा धाकटा भाऊ, एकेचाळीस वर्षांचा. बुद्धीनं पाच वर्षांच्या मुलाएवढा, असं डॉक्टर म्हणतात. मला हे मोजमाप पटत नाही. पाच वर्षांचं पोर खोटं बोलतं, मन्मथ बोलत नाही. आई त्याला घेऊन औशाच्या पलीकडच्या आमच्या गावात राहायची, भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेल्या घरात. आता तो आमच्याकडे असतो.

आज डॉक्टरांनी त्याची साखर पाहिली, मग पायाचा अंगठा पाहिला. अंगठ्याला फोड आलाय आणि तो आलाय हे मन्मथला ठाऊकच नाही. डॉक्टर म्हणाले, रोज हालचाल पाहिजे, चांगला घाम येईल अशी. दिवाळीपर्यंत साखर उतरली नाही तर रोज सुई, आणि अंगठ्याचं काही सांगता येत नाही.

घाम तिथंच आला, पण मला.

संध्याकाळी त्याला फिरायला नेलं. गल्लीच्या तोंडाशी बसस्टॉपचा कट्टा आहे, तिथं तो बसला. मीही बसलो. आमचा व्यायाम झाला.

गुरुवार, ७ ऑगस्ट

मार्ग बायकोनं, महानंदानं काढला. आमच्या घरात मार्ग तीच काढते, मी त्याला मथळा देतो.

बिलकीसबाई म्हणून उर्दू शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत. त्यांचा भाऊ वकार मन्मथसारखाच. त्याच्यासाठी म्हणून त्यांनी अशा मोठ्या माणसांचा व्यायामवर्ग सुरू केला, सकाळी सहाला. सात-आठ जण येतात. जागा आहे बसवंतच्या कोचिंग क्लासच्या इमारतीत, तळमजल्यावरचा हॉल. बसवंत माझा मठाच्या पाठशाळेतला सोबती. मी संस्कृतात राहिलो आणि वार्ताहर झालो. तो गणितात गेला आणि तीन मजली झाला.

सकाळी मन्मथला हॉलमध्ये सोडलं आणि बाहेर सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बाकावर पेपर घेऊन बसलो. दारातून थोडं दिसतं. बाटल्यांत वाळू भरून त्यांची वजनं केली आहेत. लातुरात बाटलीत पाणी भरून ती व्यायामाला वापरणं हा माज झाला असता.

बिलकीसबाई आकडे मोजत नाहीत. हात वर करायचा तो वकारच्या नावानं, पुन्हा राजकन्याच्या नावानं, असं सगळ्यांच्या नावांनी. नावं संपली की व्यायाम संपला. मी विचारलं, मोजत का नाही. त्या म्हणाल्या, "भाईसाब, दहा म्हंजे किती ते यांना कळत न्हाई. पर राजकन्याचं राहिलं, हे लगेच कळतं. राजकन्या सोडते का?"

राजकन्याही वर्गातलीच, तिशीची, आणि कुणालाच काही सोडत नाही. मन्मथला तिनं पहिल्या दिवशीच सांगितलं, पोट आत घे. तो घेऊ लागला. चाळीस वर्षांत आईला जे जमलं नाही ते तिनं एका वाक्यात केलं.

शेवटी मन्मथनं आपणहून एक हात जास्त केला. "आईच्या नावाचा," म्हणाला आणि दाराकडे बघत राहिला.

पाठशाळेत आम्हाला सूर्याची बारा नावं घेत नमस्कार घालायला लावत. नावं अजून येतात.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आनंद फार टिकला नाही.

वरच्या मजल्यावर आजपासून पहाटेची बॅच सुरू झाली, ती साडेसहाच्या सुमारास सुटते. दोन-अडीचशे पोरं पाठीवर दप्तरं टाकून जिन्यानं उतरतात. नेमक्या त्याच वेळी मन्मथनं वाळूची बाटली खाली ठेवली, एका हातानं वकारला धरलं, दुसऱ्यानं राजकन्याला, आणि बाहेर आला. मागून बाकीचे. इमारतीला लागून बसवंतचा रिकामा प्लॉट आहे. त्याच्या मध्यावर सगळ्यांना बसवून तोही बसला आणि बाहेर पडणाऱ्या पोरांकडे बघू लागला. सगळी पोरं जाईपर्यंत.

पोरं दिसली की याला जत्रा वाटते, एवढाच अर्थ मी काढला. गेली वीस वर्षं मी सभात्याग कव्हर करतो आहे. इतका शिस्तीतला पाहिला नाही.

मग उठेना. बिलकीसबाईंनी बोलावलं, मी दटावलं, राजकन्यानं पोट आत घ्यायला सांगितलं. तो फक्त मान उचलून कपाळ पुढं करायचा. कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. रिक्षावाला आणि मी मिळून त्याला उचलला. रिक्षावाल्याला वाटलं, आम्ही सासरी निघालेली नवरी नेतोय.

मंगळवार, १९ ऑगस्ट

रोज तेच. अर्धा तास छान व्यायाम, मग सभात्याग. आपल्याबरोबर सगळ्यांना नेतो. त्यामुळे सगळ्यांचाच अर्धा वर्ग बुडतो. उठवायला गेलं की कपाळ दाखवतो.

डोकं दुखत असणार. आज जाण्याआधीच त्याला गोळी दिली. फरक पडला नाही. घरी येऊन आंघोळ झाली आणि महानंदानं रोजच्यासारखी विभूती लावली की मात्र एकदम खुलतो, उठून स्वतःचं ताट घेतो. म्हणजे गार पाण्यानं डोकेदुखी उतरते. उद्यापासून निघण्याआधीच डोक्यावर पाणी घालून पाहतो.

(विभूती लावणं मी पाठशाळा सुटल्यावर सोडलं. महानंदाला वाटतं मी नास्तिक आहे. तसं काही नाही. सकाळी आरशासमोर उभं राहायचा कंटाळा.)

शनिवार, २३ ऑगस्ट

पाणी घालून पाहिलं. मन्मथला सर्दी झाली.

आज डॉक्टरांनी पुन्हा साखर पाहिली. होती तिथंच आहे. फोड मात्र थोडा पसरला. अर्ध्या व्यायामानं काय होणार, असं ते बोलले नाहीत, पण चष्मा काढून पुसत बसले.

घरी आल्यावर उमरीला फोन लावला. नांदेड जिल्ह्यात उमरीजवळ अशा मोठ्या माणसांसाठी निवासी संस्था आहे, एका मित्रानं नाव दिलं होतं. सचिव मवाळ बोलतात. दसऱ्यानंतर एक जागा रिकामी होणार आहे म्हणाले. जेवण, औषध, डॉक्टर, सगळं तिथंच.

महानंदाला सांगितलं. भाजीत मीठ दोनदा पडलं. तीही थकली आहे, मला दिसतं. सतरा वर्षं माझं केलं, आता दिराचं. सुटका व्हावी असं तिला वाटत असेल तर तिला मी काय दोष देऊ? मलाच वाटतं.

सोमवार, २५ ऑगस्ट

महानंदा गोलाईच्या बाजारात जाऊन मन्मथसाठी कॅनव्हासचे बूट घेऊन आली. अंगठ्याला लागू नयेत म्हणून एक नंबर मोठे. उमरीला लागतील, बरं केलं.

कपाटात आणखी एक जोड दिसला. तो मन्मथच्या पायात जाणारच नाही इतका लहान. दुकानदारानं गळ्यात मारला असणार. संसारात काही गोष्टी न दिसल्यासारख्या करायच्या असतात.

बुधवार, ३ सप्टेंबर

बसवंतनं फोन केला. त्याच्या आवाजात पालकसभेची गोडी होती, म्हणजे तक्रार असणार हे कळलं.

"शास्त्री, तुझ्या भावानं प्लॉटात शाळा भरवली. माझी पोरं त्यांना ओलांडून सायकली काढतात. काल एका पालकानं विचारलं, हे कुठल्या बॅचचे?"

मी म्हणालो, फाउंडेशन.

तो हसला, पण अर्धाच. बिलकीसबाईंनाही त्यानं समज दिली आहे. आणखी एकदा गोंधळ झाला तर हॉल मिळणार नाही. दुसरा हॉल लातुरात फुकट कोण देतो? इथं आता जिन्याखालच्या जागेतसुद्धा रसायनशास्त्र शिकवतात.

बिलकीसबाई मला म्हणाल्या, "भाईसाब, तुमचा भाऊ लई भला हाय. सगळ्यांना हात धरून नेतो, कुणाला ढकलत न्हाई. वकार तर त्याच्याबिगर हॉलात यायचा न्हाई. पर हॉल गेला तर वकार परत खाटेवर जाईल. दोन साल खपून मी त्याला खाटेवरून उठवलंय."

मी म्हणालो, दसऱ्यानंतर मन्मथ उमरीला जाणार आहे, तोवर सांभाळून घ्या. त्यांनी "अच्छा" म्हटलं आणि बाटल्या गोळा करत राहिल्या. रागावल्या असाव्यात. का, ते कळलं नाही. त्यांची अडचणच दूर होणार होती.

बुधवार, १० सप्टेंबर

काल विसर्जन. आज सगळं शहर गुलालात आणि झोपेत.

आमचे संपादक अमृतराव यांचा फोन. तीस तारखेला भूकंपाला दहा वर्षं होतात, पुरवणी काढायची आहे. "आकडे नकोत, शास्त्रीबुवा, आकडे सगळेच देतील. मला एक माणूस द्या. ज्याच्या अंगात भूकंप अजून आहे असा."

मोठीच फर्माइश. दहा वर्षांत लोकांनी घरं बांधली, लग्नं केली, पोरं कोचिंगला घातली. भूकंप अंगात ठेवायला सवड कुणाला आहे? तरी रविवारी गावाकडं जाऊन येईन.

मन्मथ शेजारी बसून माझ्या पेनाचं टोपण काढत-घालत होता. मी फोनवर बोलताना 'भूकंप' म्हणालो तेव्हा त्यानं टोपण खाली ठेवलं आणि उठून अंगणात गेला. शेंगदाणे दिले तेव्हा आत आला.

रविवार, १४ सप्टेंबर

सकाळच्या एसटीनं औसा, तिथून जीपनं गाव. पुनर्वसनातलं गाव आमचं, रस्ते सरळ आणि घरं एका मापाची. माणसं अजून जुन्या गावाच्या हिशेबानं पत्ते सांगतात. चिंचेजवळचा, वेशीतला. चिंच नाही, वेस नाही.

पुरवणीसाठी सात-आठ जणांना भेटलो. सगळे दरवर्षी वार्ताहरांशी बोलून इतके तयार झाले आहेत की मला लिहून घ्यायला वेळ देत थांबत थांबत बोलतात.

निघताना रत्नम्मांकडे गेलो. आमच्या आईची शेजारीण, सत्तरीची. चहा दिला आणि मन्मथची चौकशी केली. मग आठवणी निघाल्या.

"तम्मा, तुझी आई लई धोरणी. त्या सालानंतर जमीन किती दिवस गुरगुरायची. एवढ्या थोराड माणसाला ही एकटी कुठून उचलणार? तिनं शिकवून ठेवलं. गुरगुरलं की हाताला लागंल त्याला धरायचं आणि भाईर. खळ्यात बसायचं. मी येईस्तोवर उठायचं न्हाई. मग ती यायची, विभूती लावायची, 'झालं, चल' म्हणायची. तवा उठायचा."

मग त्या हसायला लागल्या. जमीन शांत झाली तरी मन्मथ शांत झाला नाही. रस्त्यानं रोलर गेला तरी अख्खी गल्ली खळ्यात. एकदा त्यांच्या सासऱ्यांना त्यानं आंघोळीतून बाहेर आणलं होतं, तांब्यासकट. म्हातारा शिव्या देत बसला, पण बसला. कारण काय सांगावं, खरंच असलं तर?

फार हसलो. पुरवणीत चौकटीत टाकायला झकास. गंभीर मजकुरात थोडं हलकं लागतंच.

परतताना जीपमध्ये झोप लागली. या वयात माहिती गोळा करणंही अंगमेहनतीचं काम झालं आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडा, त्यामुळे मन्मथला सोडायला महानंदा गेली. आल्यावर म्हणाली, तुम्ही बाहेर पत्र्याखाली का बसता, आत बसून बघत का नाही? मी म्हणालो, आत त्याचं लक्ष विचलित होतं. ती म्हणाली, कुणाचं?

सोमवार, २२ सप्टेंबर

आज जे झालं ते क्रमानं लिहून काढतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

वर बसवंतच्या क्लासची मोठी चाचणी होती. पेपर सातला, म्हणून बॅच सुटणारच नव्हती. खाली व्यायाम चालू. मी पत्र्याखाली. साडेसहाला वर काहीतरी घरघर झाली. मन्मथ नेहमीसारखा सगळ्यांना घेऊन बाहेर आला, प्लॉटात बसवलं, बसला आणि जिन्याकडे बघू लागला.

आज जिन्यातून कुणीच उतरलं नाही.

तो थोडा वेळ बघत राहिला. मग उठला. हे त्यानं आजवर कधी केलं नव्हतं, एकदा बसला की तो उठत नाही. वकारला हातानं खाली दाबून 'बस' असं केलं आणि इमारतीत गेला. मला वाटलं, लघवीला गेला असेल. पेपरात तुरीचे भाव वाचत होतो.

पुढचं मला नंतर कळलं. तो जिना चढून वर्गाच्या दारात उभा राहिला. पोरं अंतरा-अंतरानं बसली होती, हातात पेन. बसवंत फळ्यावर सूचना लिहीत होता. मन्मथ मोठ्यानं एकच शब्द बोलला, आमच्या आईच्या सुरात.

"भाईर."

म्हणे किल्लारीकडची एक मुलगी पहिल्या बाकावर होती. ती उठली. मग तिच्यामागचा बाक. मग सगळे. दुसऱ्या कुठल्या गावात पोरांनी आधी विचारलं असतं, काय झालं? लातुरात ही पद्धत नाही. इथं आधी बाहेर येतात, मग विचारतात.

मी मान वर केली तेव्हा जिना माणसांनी भरला होता आणि आवाज म्हणून नव्हता, फक्त पावलं. तिसऱ्या मजल्यावरची बॅचही येत होती. समोरच्या घरातली माणसं या पोरांना पाहून रस्त्यावर आली. पलीकडच्या हॉटेलातला आचारी झारा घेऊन आला. सगळ्यांच्या शेवटी, दोन पोरांच्या खांद्यांवर हात ठेवून त्यांना पुढं काढत बसवंत आला, अनवाणी, हाताची बोटं खडूनं पांढरी. आणि त्याच्याही मागं, सगळे निघाले की नाही हे मागं वळून बघत, मन्मथ.

तो प्लॉटात आला, वकारशेजारी बसला. मघाचा धाक अजून उतरला नव्हता म्हणून असेल, पोरंही बसली. बारावीची तीनशे पोरं धुळीत मांडी घालून. जमीन काही हलली नाही. कुठंच काही हललं नव्हतं.

मग कुणीतरी हसलं. बसवंतला हायसं वाटलं आणि राग आला, दोन्ही एकदम. तो ओरडला, वर चला, पेपर आहे. पोरं उठून झटकत निघाली. बसवंत माझ्याकडं वळला. म्हणाला, आज याच्यामुळं माझ्या जिन्यात कुणी तुडवलं गेलं असतं तर मी कुणाच्या बापाला तोंड दाखवलं असतं? बरोबर होतं त्याचं. मी मान खाली घातली. उद्यापासून हॉल बंद, म्हणाला.

बिलकीसबाई पुढं आल्या. "सर, वर बाकं ओढून राहिले होते पोरं. खाली छत गुरगुरतं. रोज सुटताना गुरगुरतं. हे आत असतात, यांच्या डोक्यावर असतं ते."

गुरगुरतं. पत्र्याखाली ते मला कधी ऐकू आलं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी रत्नम्मांच्या चहाबरोबर मी तो शब्द लिहूनही आणला होता आणि चौकटीत टाकला होता.

मन्मथ बसला होता. नेहमीसारखी मान उचलली आणि कपाळ माझ्यापुढं धरलं.

दीड महिना तो रोज धरतो आहे. आई येईल, लावील, मग उठायचं. आई येत नाही. दादा येतो आणि डोकेदुखीची गोळी देतो.

माझ्याजवळ विभूती कुठली? सोडूनच पंचवीस वर्षं झाली. मी बसवंतचा हात धरला. त्याला वाटलं मी गयावया करतोय, तो हात सोडवू लागला. मी सोडला नाही. त्याच्या बोटांवरचा खडू माझ्या तीन बोटांवर घेतला आणि मन्मथच्या कपाळावर आडवा ओढला.

"झालं. चल," म्हणालो.

मन्मथ उठला. स्वतःच्या पायांनी, हात टेकून, मग सरळ. राजकन्याला उठवलं. वकार उठेना. वकारनंही कपाळ वर केलेलं.

मी बिलकीसबाईंकडे पाहिलं. माझा हात हवेत. काय करावं हे कुठल्याही शास्त्रात मी वाचलेलं नाही.

त्या म्हणाल्या, "लावा भाईसाब. खडूच हाय."

वकारचं झाल्यावर बसवंतनं आपली बोटं पाहिली आणि पँटीला न पुसता वर गेला.

बुधवार, २४ सप्टेंबर

कालपासून वर्ग नाही. वकार खाटेवरून उतरला नाही, असं बिलकीसबाईंनी फोनवर सांगितलं. मन्मथ पहाटेच बूट घालून दारात बसला. नाही म्हटलं तरी बसूनच राहिला.

संध्याकाळी बसवंत घरी आला. बराच वेळ पाण्याच्या टंचाईबद्दल बोलला. मग म्हणाला, हॉल देणार नाही, छताखाली नकोच. पण प्लॉट रिकामा आहे, दिवाळीनंतर नवीन इमारतीचा पाया खणेपर्यंत वापरा. पुढचं पुढं बघू. आणि मन्मथकडे न बघता त्याला म्हणाला, "परवा तू आधी पोरींना उतरवलंस ना रे? बरं केलंस."

जाता जाता सांगितलं, मुलांना ताकीद दिली आहे, बाकं ओढायची नाहीत, उचलून ठेवायची. फरशी खराब होते म्हणे. पैसेवाल्यांना फरशीची फार काळजी.

मंगळवार, ३० सप्टेंबर

पुरवणी आली. माझा लेख पहिल्या पानावर, शीर्षक 'दशकाचे कंप'. सात जणांच्या आठवणी, अलंकार पुष्कळ. रत्नम्मांची चौकट मीच काढून घेतली होती. अमृतरावांनी फोनवर विचारलं, तो अंगात भूकंप असलेला माणूस काही मिळाला नाही का? मी नाही म्हणालो. वीस वर्षांत बातमी दडवण्याची ही पहिली वेळ.

देवघरातली विभूतीची वडी फोडून एक तुकडा कागदात बांधला आणि खिशात ठेवला. महानंदानं पाहिलं. भाजी आज ठीक होती.

शनिवार, ४ ऑक्टोबर

उद्या दसरा. उमरीच्या सचिवांचा फोन. जागा झाली आहे, मंगळवारी आणून सोडा.

मी आधी विचारलं नव्हतं ते आज विचारलं, व्यायामाचं काय? ते म्हणाले, दुसऱ्या मजल्यावर मोठा हॉल आहे, टीव्ही लावून देतो, त्यात बघून करतात. मी म्हणालो, आमचा भाऊ मधेच उठून बाहेर जातो.

"त्याची चिंताच करू नका," ते प्रेमानं म्हणाले. "संध्याकाळपासून सकाळपर्यंत आम्ही कुलूप लावतो. बाहेर कुणी जाऊच शकत नाही."

भला माणूस. माझी काळजी मिटावी म्हणूनच सांगत होता. अंगणात मन्मथ आपट्याची पानं निवडत होता.

जागा दुसऱ्या कुणाला द्या, असं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. माझं वय पन्नास, त्याचं एकेचाळीस. हा हिशेब काही चांगला नाही. दमलो आहे तो दमलेलाच आहे.

महानंदाला म्हणालो, त्याची पेटी सोड, जायचं नाही. ती म्हणाली, भरली कुणी होती?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काल साखर पाहिली. उतरली आहे, फार नाही. सुई तूर्त टळली. फोडाच्या कडा सुकत आहेत. डॉक्टरांनी चष्मा पुसला नाही.

सकाळी प्लॉटात वर्ग. मी पत्र्याखाली पेपर घेऊन. बिलकीसबाईंनी शाळेतून जुन्या लेझिमी आणल्या आहेत. नावानावानं चाललं होतं, वकारच्या नावाचं, राजकन्याच्या नावाचं. तेवढ्यात रस्त्यानं मळणीयंत्र ओढत नेणारा ट्रॅक्टर गेला आणि त्याच्यामागं खडीचा ट्रक. माझा बाकसुद्धा थरथरला. मी खिशातल्या पुडीला हात घातला.

मन्मथ थांबला. लेझीम खाली धरली. वकारकडे बघितलं, राजकन्याकडे, एकेकाकडे. मग इमारतीकडे. पोरं केव्हाच सुटून रस्त्याला लागली होती. सगळे बाहेरच होते. त्याला बसायचं कारण सापडेना.

मग त्यानं वळून पत्र्याखाली पाहिलं.

संथपणे आला. माझ्या हातातला पेपर काढून बाकावर ठेवला, मनगट धरलं.

"दादा. भाईर."

मी सांगितलं, ट्रक होता रे. त्यानं ऐकलं नाही. आईनं त्याला ट्रकबद्दल काही शिकवलेलं नाही. प्लॉटात नेऊन मला वकार आणि राजकन्याच्या मधे उभा केला. राजकन्यानं माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि पोट आत घ्यायला सांगितलं. बिलकीसबाईंनी गंभीर चेहऱ्यानं हातात लेझीम दिली. चपला घालून लेझीम येत नाही, असं त्या म्हणाल्या.

सगळ्यांच्या नावांनी झालं. मग माझ्या नावाचं. शेवटी मन्मथनं आईच्या नावाचं एक लावलं, तेही केलं. गुडघे बोलत होते, त्यांची भाषा मला कळते.

घरी आलो तर दारात तो दुसरा जोड ठेवलेला, लहान म्हणून पडून राहिलेला. महानंदा आत कणीक मळत होती. तिला विचारलं, हे कुणाचे? म्हणाली, घालून तर बघा.